मुलांच्या वाढीत वडिलांचा सहभाग: गरोदरपणापासून किशोरवयापर्यंत

मूल आजारी पडले की गाडी काढणे, केसपेपर काढणे, औषधे आणणे आणि बिल भरणे ही कामे बहुतेक घरांत वडीलच करतात. पण मुलाचे वजन किती, ताप नेमका कधीपासून आहे, शेवटची लस कोणती झाली, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले होते, असे विचारले की अनेक वडिलांचे उत्तर एकच असते: ‘थांबा, तिला फोन लावतो.’

यात वडिलांचे प्रेम कमी असते असे नाही. आपल्याकडे मुलाचा खर्च वडिलांकडे आणि मुलाची माहिती आईकडे, अशी कामाची वाटणी पूर्वापार चालत आली आहे. या वाटणीचा मुलाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो आणि ती बदलण्यासाठी वडिलांनी कोणत्या वयात काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

वडिलांचा सहभाग म्हणजे नेमके काय?

मायकेल लॅम्ब या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात वडिलांच्या सहभागाचे तीन भाग सांगितले. आजही हीच विभागणी वापरली जाते.

१. प्रत्यक्ष वेळ: मुलाला भरवणे, अंघोळ घालणे, झोपवणे, त्याच्याशी खेळणे आणि बोलणे.

२. उपलब्धता: मूल आपल्या उद्योगात असले तरी हाक मारल्यावर ‘ओ’ देणारे वडील जवळ असणे. शेजारी बसून मोबाइलमध्ये गढून गेलेले वडील उपलब्ध नसतात.

३. जबाबदारी: लस कधी आहे, डबा काय द्यायचा, कपडे कधी लहान झाले, शाळेची सभा कधी आहे, हे कोणी आठवण न करता लक्षात ठेवणे.

आपल्या घरांत पहिल्या भागात हळूहळू बदल होतो आहे. तिसरा भाग मात्र अजून जवळपास पूर्णपणे आईकडेच आहे. ‘मी तिला मदत करतो’ असे म्हणणाऱ्या वडिलांनी हे काम आपलेही आहे असे धरले, तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सोप्या होतात.

वडिलांच्या शरीरातही बदल होतात

मुलाला सांभाळण्याची क्षमता फक्त आईला निसर्गतः मिळते, असा समज आहे. स्तनपान सोडले तर बाळाची बाकी सर्व काळजी सरावाने येते आणि हा सराव वडिलांच्या शरीरातही बदल घडवतो. फिलिपिन्समधील सेबू येथे सहाशेहून अधिक तरुणांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वडील झाल्यावर पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याचे त्यात दिसले. रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलांना सांभाळणाऱ्या वडिलांमध्ये हे प्रमाण सर्वांत कमी होते. याचा अर्थ पुरुषत्व कमी होते असा नाही. शरीर संगोपनासाठी जुळवून घेते, एवढाच त्याचा अर्थ आहे. बाळाशी खेळताना वडिलांमध्ये ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, असेही इतर अभ्यासांत आढळले आहे.

थोडक्यात, बाळ हातात घेतल्याशिवाय बाळ घेता येत नाही. ‘मला जमत नाही’ म्हणून बाळ न घेणारे वडील तो सरावच टाळत असतात.

मुलांना काय फायदा होतो?

स्वीडनमधील संशोधकांनी २००८ मध्ये वडिलांच्या सहभागावरील २४ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला. या सर्वांत मुलांचा पुढील काही वर्षे मागोवा घेतलेला होता. त्यांपैकी २२ मध्ये चांगले परिणाम दिसले: मुलग्यांमध्ये वर्तनाच्या तक्रारी कमी, मुलींमध्ये पुढे मानसिक त्रास कमी आणि बौद्धिक विकास चांगला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सहभागी वडील असलेल्या घरांत शिक्षण, उत्पन्न आणि आई-वडिलांमधील संबंधही अनेकदा चांगले असतात. त्यामुळे सगळे श्रेय वडिलांना देता येत नाही. पण दवाखान्यात रोज दिसणारा एक फायदा अगदी साधा आहे: मुलाची पूर्ण माहिती असलेली दोन मोठी माणसे घरात असणे. आई आजारी असेल, कामावर किंवा प्रवासात असेल, तेव्हा मुलाचे औषध, जेवण आणि धोक्याची लक्षणे ओळखणे दुसऱ्या कुणाला तरी जमलेच पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये बालसंगोपनाचा एक आराखडा मांडला. मुलाच्या वाढीला आरोग्य, पोषण, सुरक्षितता, शिकण्याच्या संधी आणि मुलाच्या हाकेला प्रतिसाद देणारे संगोपन या पाच गोष्टी लागतात, असे त्यात म्हटले आहे. यातली एकही गोष्ट फक्त आईने करायची नाही. महाराष्ट्रात अंगणवाड्यांमार्फत चालणाऱ्या ‘आरंभ’ उपक्रमातील पालक मेळाव्यांचा उद्देशही हाच आहे. युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा या उपक्रमात सहभाग आहे. तुमच्या अंगणवाडीत मेळावा असेल तर फक्त आईला पाठवू नका, स्वतःही जा.

वडील कुठे मागे पडतात?

माहेरचे बाळंतपण. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत आईला विश्रांती आणि आधार देणारी आहे. पण तिच्यामुळे वडील बाळंतपणानंतर एकदा, बारशाला एकदा आणि मग एकदम बाळाला घरी आणताना भेटतात. हे दोन-तीन महिने बाळाची ओळख होण्याचे असतात. तोपर्यंत आई बाळाच्या रडण्याचे प्रकार ओळखू लागलेली असते आणि वडील पाहुणे राहिलेले असतात.

कामाचे स्वरूप. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात. निफाड, दिंडोरीत ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षाचा माल जाईपर्यंत शेतकऱ्याला उसंत नसते. सैन्यात किंवा बदलीच्या नोकरीत असलेले वडील महिनोन्‌महिने बाहेर असतात.

रजेचा अभाव. २०१७ पासून कायद्यानुसार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी हयात मुले असतील तर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. खासगी क्षेत्रात पितृत्व रजेची कायद्याने सक्ती नाही. काही कंपन्या स्वतःहून देतात, म्हणून आपल्या एचआर विभागाला आधीच विचारून ठेवा.

घरातील माणसे. वडिलांनी बाळाचे लंगोट बदलले की ‘तू राहू दे, तुला नाही जमायचे’ असे आजीच म्हणते. काही वेळा आईलाही त्यांनी घातलेली अंघोळ पसंत पडत नाही. दोनदा टोकल्यावर वडील बाजूला होतात. थोडे वेडेवाकडे झाले तरी बाळ सुरक्षित असेल तर त्यांना करू द्यावे.

वयानुसार वडिलांनी काय करावे?

गरोदरपणात

• तपासणीला निदान चार वेळा सोबत जा आणि डॉक्टरांच्या खोलीत आत या. सरकारी आरोग्य केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते.

• लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस घ्यायच्या असतात. मळमळ होते म्हणून त्या सुटतात. गोळी रोज घेतली जाते ना, याकडे लक्ष द्या.

• रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. वाहन, रक्तगट आणि रुग्णालय आधी ठरवून ठेवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

जन्म ते तीन महिने

• बाळ माहेरी असले तरी शक्य तेवढ्या वेळा जा. व्हिडिओ कॉलवर बाळ पाहता येते, पण बाळाला तुमचा स्पर्श आणि वास कळत नाही. गेल्यावर पाहुण्यासारखे बसू नका. ढेकर काढा, लंगोट बदला, रात्री बाळ उचलून आईजवळ पाजायला द्या.

• बाळ कमी वजनाचे असेल तर डॉक्टरांना कांगारू केअरबद्दल विचारा. यात बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अतिशय कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी ऊब दिल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. ही ऊब दिवसाचे बरेच तास द्यावी लागते. आई थकते तेव्हा वडिलांची छातीही तेवढीच उबदार असते.

• पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, मध, बाळगुटी, वरचे दूध काहीही नको. ‘बाळाचे पोट भरत नाही’ असे चार जणांनी म्हटले की आईचा धीर सुटतो. अशा वेळी ‘डॉक्टरांनी सांगितले आहे तसेच करू’ असे घरात ठामपणे सांगणे हे वडिलांचे मोठे काम आहे.

• बाळ कितीही रडले तरी त्याला जोरजोरात हलवू नका. मान कमजोर असल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. संयम सुटतो आहे असे वाटले तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर झोपवा, दुसऱ्याला हाक मारा आणि पाच मिनिटे बाहेर जा. खेळताना हवेत उडवणेही टाळा.

तीन महिने ते पाच वर्षे

• लसीकरण तुमच्या अंगावर घ्या. सरकारी वेळापत्रक असे आहे: जन्मतः, ६, १०, १४ आठवडे, ९ महिने, १६ ते २४ महिने, ५ ते ६ वर्षे, मग १० आणि १६ वर्षे. माता व बाल संरक्षण कार्डाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा.

• सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की दिवसातले एक भरवणे तुमचे. वरण-भात, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, घट्ट खिचडी तुम्हालाही करता आली पाहिजे.

• जुलाब झाल्यास ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून थोडे थोडे द्या. डॉक्टरांनी सांगितलेले झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

• दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्ही नको. दोन ते पाच वर्षांत रोज एक तासापेक्षा जास्त नको. वडिलांच्या हातात जेवताना मोबाइल असेल तर मुलाला नाही म्हणता येत नाही.

सहा ते अकरा वर्षे

• ‘थांब, बाबांना सांगते’ हा धाक बंद करा. ज्याची भीती दाखवली जाते, त्याला मूल आपली अडचण सांगत नाही. शाळेत कोणी त्रास देतो किंवा कोणी चुकीचा स्पर्श केला, हे मुलाने सर्वांत आधी घरात सांगायला हवे.

• मारणे बंद करा. माराने मूल तेवढ्यापुरते गप्प बसते. पुढे ते चिडके होते किंवा खोटे बोलायला शिकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे.

• रोज एक गोष्ट एकत्र करा: दप्तर भरणे, सायकल चालवणे किंवा रात्रीचे जेवण.

बारा ते अठरा वर्षे

• मुलाशी आवाज फुटणे, दाढी, स्वप्नदोष याबद्दल साध्या शब्दांत बोला. तुम्ही बोलला नाहीत तर तो मोबाइलवर शोधतो.

• मुलीची पाळी हा फक्त आईचा विषय नाही. पॅड आणून देणे, पोट दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी देणे, रक्त कमी असेल तर तपासून घेणे हे वडिलांनी सहज करावे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्ही लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

• गुणांपेक्षा झोप, भूक, मित्र आणि मूड यांच्याकडे लक्ष ठेवा. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलणे कधीही चेष्टेवारी नेऊ नका.

वडिलांच्या हातातील चार धोके

तंबाखू. घरातील धुरामुळे मुलांना दमा, न्यूमोनिया आणि कानाचे संसर्ग अधिक होतात. लहान बाळांमध्ये झोपेत अचानक मृत्यूचा धोकाही वाढतो. गॅलरीत ओढली तरी धुराचे कण कपड्यांवर आणि हातांवर राहतात. बंद करणे हाच उपाय आहे.

दारू. पिऊन आलेल्या वडिलांच्या पावलांचा आवाज मूल ओळखू लागते. अशा घरात मुलाची झोप, अभ्यास आणि पोट तिन्ही बिघडतात. वारंवार पोट दुखणाऱ्या मुलाच्या सर्व तपासण्या व्यवस्थित आल्या, तर डॉक्टर घरातील वातावरणाबद्दल विचारतात, ते याचसाठी.

दुचाकी. मुलाला टाकीवर बसवणे किंवा पुढे उभे करणे धोक्याचे आहे. फेब्रुवारी २०२३ पासून लागू नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा लागतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट लागते आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त चालत नाही. चार वर्षांपुढे हेल्मेट हवेच.

शेतीची औषधे. उरलेले फवारणीचे औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नका. ते मूळ डब्यात, कुलपात ठेवा. फवारणीचे कपडे वेगळे धुवा आणि अंघोळ केल्याशिवाय मुलाला जवळ घेऊ नका. मुलाने काही प्यायल्याची शंका आली तर उलटी करवू नका. औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

वडिलांनाही नैराश्य येऊ शकते

बाळंतपणानंतरचे नैराश्य फक्त आईला येते असे नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे दहांपैकी एका वडिलांना गरोदरपणात किंवा बाळाच्या पहिल्या वर्षात नैराश्य येते. बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना हे प्रमाण सर्वाधिक दिसले. आईला नैराश्य असेल तर वडिलांमध्येही शक्यता वाढते.

पुरुष ‘मला वाईट वाटते’ असे सहसा म्हणत नाहीत. त्याऐवजी चिडचिड, कामावर उगाच जास्त वेळ थांबणे, दारू वाढणे, झोप न लागणे, छातीत धडधड, बाळाबद्दल काहीच न वाटणे अशी लक्षणे दिसतात. ती दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ क्रमांकावर मोफत, मराठीतूनही बोलता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाळ माझ्याकडे येतच नाही, रडते. काय करू?
सहा-आठ महिन्यांच्या सुमारास बाळाला अनोळखी माणसांची भीती वाटू लागते. हे वाढीचेच लक्षण आहे. आधी आईच्या मांडीवर असतानाच खेळवा. रोज ठरलेले एक काम, उदाहरणार्थ संध्याकाळी फिरवून आणणे, तुम्हीच करा. काही आठवड्यांत फरक दिसतो.

मी रात्रपाळीला असतो. वेळ कुठून आणू?
किती तास यापेक्षा रोज ठरलेली वेळ महत्त्वाची. पाळी सुटल्यावर शाळेत सोडण्याची वीस मिनिटे ही तुमची वेळ होऊ शकते. फक्त झोप अपुरी असताना मुलाला घेऊन गाडी चालवू नका, चालत जा.

आई घरीच असते. मग वडिलांची गरज काय?
चोवीस तास मूल सांभाळणाऱ्या आईला झोप आणि विश्रांती मिळत नाही. त्याचा परिणाम तिच्या प्रकृतीवर आणि मुलावरही होतो. शिवाय मुलाला तुमचाही सहवास हवा असतो.

मुलगी मोठी होते तसे वडिलांनी अंतर ठेवावे का?
तिच्या खासगीपणाचा मान ठेवा, पण संवाद तोडू नका. दार वाजवून खोलीत जाणारे आणि तिचे ऐकून घेणारे वडील तिला सुरक्षित वाटतात.

वडील नसतील किंवा वेगळे राहत असतील तर मुलाचे नुकसान होते का?
तसे ठरलेले नसते. आई, आजोबा, मामा, काका यांपैकी कोणी कायम सोबत आणि प्रेमाने वागणारे असेल तर मुले उत्तम वाढतात. वेगळे झालेल्या आई-वडिलांनी मुलासमोर एकमेकांबद्दल वाईट बोलू नये. लस आणि औषधांची माहिती दोघांकडे असावी. मात्र घरात मारहाण होत असेल तर ‘मुलाला वडील हवेत’ म्हणून सहन करू नये. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

मुलाला तातडीने केव्हा दाखवावे?

पुढील लक्षणे आई आणि वडील दोघांनाही पाठ असावीत.

• तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप
• अंगावर न पिणे, प्रत्येक वेळी उलटी होणे
• झटके येणे, बाळ सुस्त पडणे, जागे न होणे
• श्वास घेताना छाती आत ओढली जाणे
• शांत असताना मिनिटाला दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास
• जुलाबात डोळे खोल जाणे, सहा ते आठ तास लघवी न होणे, शौचात रक्त

आजपासून काय करता येईल?

मुलाचे सध्याचे वजन, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि पुढच्या लशीची तारीख आपल्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मुलाच्या डॉक्टरांचा क्रमांक त्याच जागी ठेवा. या महिन्यातील एक दवाखान्याची फेरी आणि शाळेची एक सभा स्वतः करा. ही यादी दर तीन महिन्यांनी तपासा, कारण औषधाचे प्रमाण वजनावर ठरते आणि मुलाचे वजन सतत बदलत असते.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाच्या तक्रारीबाबत निर्णय डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्यानंतरच घ्यावा.